अकोल्याच्या मे महिन्यातली थंडी

आमच्या मायचं अंग शेवटी शेवटी फार सुटलं होतं. वलगावला आमची फुलांची शेती. झेंडू, शेवंती, थोडा मोगरा. पहाटे फुलं तोडून, हार ओवून ती अमरावतीच्या बाजारात न्यायची. मग हळूहळू तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या आणि सुईत दोरा जाईना. आवाज जाड झाला. एका वाक्याला तिला इतका वेळ लागायचा की ऐकणारा निम्म्यातच दुसरीकडे पाहायचा. घरचे म्हणायचे, सुस्ती आली, बसून बसून जाडी झाली. ती बसून नव्हती हे मला माहीत होतं, पण मी तेव्हा कॉलेजात होते आणि मलाही दुसरं काही सुचलं नाही. एका हिवाळ्यात दुपारचं जेवून ती पडली ती उठलीच नाही. गावातले डॉक्टर म्हणाले, हार्ट. तिचं रक्त कधी कोणी तपासलं नव्हतं.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर रक्ताच्या तपासणीत थायरॉईड कमी काम करतो असं निघालं, तेव्हा मला मायची आठवण आली नाही. अर्ध्या जगाला असतो, रोज उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, इतकंच सगळे म्हणाले. मी अमरावतीत शाळेत शिकवते. आमच्या स्टाफरूममध्येच तिघींना होता. गोळी घ्यायची, शाळेत जायचं. वजन मात्र वाढत राहिलं. मी भात सोडला, साखर सोडली, रात्रीचं जेवण सोडलं. सकाळी वडाळी तलावाला फेऱ्या मारल्या. काटा जरासा खाली यायचा आणि पुन्हा होता तिथे जायचा.

नवऱ्याला वाटायचं, मी दिसण्याची काळजी करते. तो म्हणायचा, "जाड झाली तर झाली. मी काई म्हटलं का तुले?" चांगल्या मनाने म्हणायचा. त्याला काय सांगणार? एकदा वेणी घालताना आरशात माझ्या भुवया टोकाशी विरळ झालेल्या दिसल्या. डोळ्यांखाली सूज होती. गाल खाली ओघळले होते. आरशातून माय माझ्याकडे पाहत होती. त्या दिवसापासून मी टिकली अंदाजाने लावायला लागले.

वजन उतरलं की हा चेहरा जाईल, असं मी मनाशी घट्ट धरून ठेवलं. म्हणून शाळेतल्या एका बाईंनी वजन कमी करण्याच्या क्लबबद्दल सांगितलं तेव्हा लगेच गेले. एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावर हॉल होता. सकाळी सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं, उतरलं असेल त्याला टाळ्या. मग सोयाच्या पावडरचा मोठा ग्लास आणि सोबत कॅल्शियमची गोळी. क्लब लवकर भरायचा, म्हणून मी निघता निघता थायरॉईडची गोळी घ्यायची आणि तिथे पोचून तो ग्लास प्यायची. दुपारी दोन फुलके आणि भाजी. रात्री पुन्हा तोच ग्लास.

सुरुवातीला टाळ्या मिळाल्या. मग काटा थांबला. दिवाळीनंतर वर चढायला लागला. क्लब चालवणारी बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, माझ्यापासून लपवू नका. घरी काय खाता?"

दुपारच्या दोन फुलक्यांपलीकडे मी काहीच खात नव्हते. ती चिडली असेल, तिला वाटलं असेल मी खोटं बोलते, त्याचं मला काही वाटलं नाही. मी घरी येऊन पलंगावर बसले तेव्हा एकच प्रश्न डोक्यात होता. मी खात नाही आणि वजन वाढतंय. मग माझ्या अंगात भरतंय ते काय आहे?

डॉक्टरकडे जायला पाहिजे होतं. शेवटची तपासणी करून वर्ष उलटून गेलं होतं. पण गोळी रोज घेत होते, आणि रिपोर्टात काय येईल याची धास्ती इतकी होती की शाळेच्या परीक्षा झाल्या की जाऊ, सुट्ट्या लागल्या की जाऊ, असं चाललं होतं. वर्गात फळ्यावर लिहिताना खडू हातातून निसटायचा. एक जिना चढून मी मधेच थांबायची आणि मोबाइल पाहिल्यासारखं करायची.

मे महिन्यात धाकट्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता, अकोल्याला. नवरा आणि मुलं मागून येणार होती. मी बडनेऱ्याहून गाडी धरली. बहीण स्टेशनवर घ्यायला आली होती. मी डब्यातून उतरून तिच्याकडे चालत गेले आणि ती माझ्या चेहऱ्यावरून नजर फिरवून मागच्या बायांकडे पाहायला लागली. मग एकदम वळली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून विसरता येत नाही. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "चाल ताई, ऊन लय आहे."

ऊन खरोखरच लय होतं. अकोल्याच्या उन्हाबद्दल सांगायची गरज नाही. घरात मोठा कूलर चालू होता, तरी पाहुणे घामाने भिजले होते. मी मात्र आतल्या खोलीत गेले, कपाटातून चादर काढली, वर गोधडी घेतली आणि गुडघे पोटाशी घेऊन पडले. हातपाय गार पडले होते. बहीण सरबत घेऊन आली आणि दारातच थबकली.

"काहून वं, तुले थंडी वाजून राहिली?"

"कूलर बंद कर थोडा वेळ."

तिने ग्लास खाली ठेवला, दार लावून घेतलं आणि माझ्या पायाशी बसली. माझं पाऊल हातात घेतलं.

"ताई, मी एक बोलू? रागावजो नोको."

"बोल."

"तू मायसारखी दिसून राहिली."

एवढे दिवस ती गोष्ट फक्त आरशाला आणि मला ठाऊक होती. आता ती खोलीत मोठ्याने बोलली गेली होती. मी रडले नाही. पण दात वाजायला लागले ते थांबेनात.

"उद्या सकाळी आपण दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली.

"साखरपुडा आहे पोरीचा."

"साखरपुडा होईन. तू आधी तुह्याकडं पाह्य."

दुसऱ्या दिवशी तिने मला तिच्या ओळखीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी माझा घसा चाचपला, नडगीवर बोट दाबलं, गुडघ्यावर छोटा हातोडा मारला. पाय उडाला आणि खाली यायला रेंगाळला. त्यांनी तो पुन्हा मारून पाहिला. मग रक्त घ्यायला सांगितलं आणि हृदयाची सोनोग्राफी करायला पाठवलं.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता. छातीवर गार जेल लावलं. मशीनवरचा माणूस आधी बोलत होता, गाव कुठलं, शाळा कोणती, असं. मग बोलायचा थांबला. तो थांबला तेव्हा मी छताकडे पाहत होते, आणि छत खाली येतंय असं मला वाटलं. तो बाहेर जाऊन डॉक्टरबाईंना घेऊन आला. दोघं पडद्यावर बोट ठेवून हळू बोलले. बहिणीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

"हृदयाच्या भोवती पाणी साठलंय," बाई म्हणाल्या.

बहिणीने विचारलं, "म्हणजे ताई मरन का?"

"नाही. औषधाने पाणी जातं. पण आजच भरती व्हायचं. हे असंच अंगावर काढलं असतं तर पुढचं मी सांगू शकले नसते."

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि विचारलं, "गोळी चुकवता का?"

"एकही दिवस नाही."

"गोळीनंतर काय घेता?"

मी पावडर आणि कॅल्शियमबद्दल सांगितलं. त्यांनी समजावून सांगितलं, की सोया आणि कॅल्शियम त्या गोळीच्या पाठोपाठ घेतलं की गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही. मी रोज गोळी गिळत होते आणि ती मला पुरेशी मिळत नव्हती. वजन म्हणून जे चढत होतं, त्यात बरंचसं सूज आणि पाणी होतं. मी उपाशी राहून त्याच्याशी भांडत होते.

साखरपुडा झाला, मी नव्हते. नवरा अमरावतीहून थेट दवाखान्यात आला. खुर्चीवर बसून त्याने माझी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्यातलं त्याला काही कळत नव्हतं, तरी वाचत राहिला. मग म्हणाला, "मले वाटे, तू जाडीले घाबरून राहिली." आणि रुमाल काढून चष्मा पुसत बसला.

दुपारची भीती मात्र मी फक्त बहिणीला सांगितली. जेवण झालं की डोळे मिटायला लागायचे आणि मी उठून बसायची. माय अशीच जेवून झोपली होती. बहीण साखरपुड्याहून पैठणीतच आली होती, पंख्याखाली बसून पदराने वारा घेत होती.

"मी झोपली तर उठवशीन का?" मी विचारलं.

"कवा उठवू?"

"थोड्या थोड्या वेळानं."

तिने काही समजावलं नाही. खुर्ची पलंगाला लावली आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. मी डोळे मिटले की ती हलकेच दाबायची, मी हूं म्हणायची. दवाखान्यात होते तेवढ्या दुपारी आमचं हेच चाललं.

घरी सोडायच्या दिवशी मी डॉक्टरबाईंना मायबद्दल सगळं सांगितलं. बोटं, आवाज, सुस्ती, ती दुपार. तिलाही हेच होतं का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "मी त्यांना पाहिलेलं नाही. असू शकतं. खात्रीने नाही सांगता येणार." मला हो हवं होतं की नाही, ते अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतरच्या महिन्यांत पाणी ओसरलं. डोळ्यांची सूज गेली, आवाज मोकळा झाला. वजनही उतरलं, काही न करता, नुसती गोळी नीट घेऊन. मग एका ठिकाणी येऊन थांबलं. तिथून पुढे ते फार हललेलं नाही. मी जाडच आहे. पुन्हा फेऱ्या मारते, भूक लागली की जेवते. पण प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी अंगठी बोटात फिरते का ते पाहते, आणि घट्ट वाटली की पुन्हा पुन्हा फिरवून पाहते.

राहिली बहीण. डॉक्टरबाईंनी तिलाही रक्त तपासायला सांगितलं होतं. मी फोनवर मागे लागले. ती टाळत राहिली. मुलीचं लग्न, मग सासूचा मोतीबिंदू, मग आणखी काही.

शेवटी मी विचारलं, "तू मले नेलं, तवा मी आली की नाई? मंग तू काहून येत नाई?"

"तुले तवा काई समजत नव्हतं, म्हनून आली तू," ती म्हणाली. "मले सगळं समजून राहिलं."

मला तिच्यावर रागावता आलं नाही. दिवाळीनंतर ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मी तिला बाजाराला म्हणून बाहेर काढलं आणि रस्त्यातच सांगितलं की आपण लॅबकडे चाललोय. ती थांबली. मला वाटलं, रिक्षा करून परत जाईल. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "हात सोडजो नोको मंग."

सुई टोचली तेव्हा तिने डोळे गच्च मिटले होते. रिपोर्टात थोडं निघालं. लहान डोस लागला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं.

आता गोळी घेतल्यावर चहासाठी थांबावं लागतं, त्या वेळात आम्ही फोनवर बोलतो. ती अकोल्याला, मी अमरावतीत, दोघीही चहावाचून. कधी ती फोन उचलायला वेळ लावते. घंटी वाजत राहते आणि मी ओट्याला धरून उभी असते.

"अवं, पानी भरून राहिली होती," ती म्हणते. "काहून, काय झालं?"

"काई नाई," मी म्हणते. "आज भाजी कायची?"