बटण, भा. सो.

निवृत्त उपसंपादक भास्कर सोनवणे मागच्या पोळ्यानंतर धुळ्यात वारले. जळगावच्या एका दैनिकात आम्ही बरीच वर्षे एकाच टेबलावर काम केले. ऑफिसात सगळे त्यांना नाना म्हणत.

तपासलेल्या प्रत्येक बातमीखाली ते 'भा. सो.' अशी आद्याक्षरे टाकत. तो आमच्या डेस्कचा रिवाजच होता. चूक निघाली तर कोणाला विचारायचे ते कळावे म्हणून. पान लावणारा छपाईआधी ती काढून टाकी. नाना मात्र रजेच्या अर्जावरही सहीखाली आद्याक्षरे टाकत. विचारले तर म्हणत, "जबाबदारी कोनी तरी लेवाले पायजे."

निवृत्तीनंतर ते धुळ्याला थोरल्या बहिणीकडे, सुमनअक्कांकडे राहायला गेले. अक्का अमळनेरला शिक्षिका होत्या. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. आपला पत्रव्यवहार दुसऱ्याने वाचून दाखवावा, हे त्यांना सोसत नव्हते. म्हणून ओळखीच्या एकाने पडद्यावरचे मोठ्याने वाचणारा फुकट प्रोग्रॅम त्यांच्या संगणकावर बसवून दिला. मजकूर तो मराठीत वाची, पण स्वतःच्या सूचना इंग्रजीत देई. आपण पडद्यावर कुठे आहोत, तेच अक्कांना कळेना. शेवटी त्यांनी संगणकावर कापड टाकले.

या सूचनांचे भाषांतर कोणीही स्वेच्छेने करू शकतो, असे नानांना समजले. त्यांनी नाव नोंदवले आणि मला फोन केला. "याना मालक कोन शे?"

मी शोधले. मालक सापडला नाही. जगभरचे लोक तो प्रोग्रॅम मिळून लिहीत होते. भाषांतराची वाक्ये पडद्यावर सुटी येत. कोणत्या वाक्यानंतर कोणते, हे सांगणारे काही नव्हते. पाठवलेली ओळ 'प्रतीक्षेत' दिसे. कोणाच्या प्रतीक्षेत, ते मला सांगता आले नाही. नाना रोज फोन करत आणि आम्ही दोघेही आदल्या दिवसापेक्षा जास्त गोंधळत असू.

मग आम्ही दोघांनी मिळून विचारणा पाठवली. अखेर सगळ्या भाषांतरांची व्यवस्था पाहणाऱ्या एका मराठी बाईंचे नानांना उत्तर आले. काका, मराठीत सध्या तुम्ही एकटेच आहात, तुमच्या ओळी तुम्हीच तपासून मंजूर करा, असे त्यांनी कळवले होते.

"ज्यानी लिखं त्यानीच तपासानं?" नाना म्हणाले. "मंग डेस्क कसाले शे?"

तरी त्यांनी काम पुरे केले. नवी आवृत्ती आली, अक्कांनी कापड काढले आणि पहिली कळ दाबली. संगणक बोलला, "बटण. भा. सो." मग, "रिकामी ओळ. भा. सो."

नानांनी प्रत्येक ओळीखाली आद्याक्षरे टाकली होती. छपाईआधी ती कोणीतरी काढेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. इथे पान लावणारा नव्हता.

त्या दिवशी मी तिथेच होतो. अक्कांनी बराच वेळ कळा दाबल्या. मग म्हणाल्या, "भास्कर, मन्हा कानमा किती येळा सही करशी रे?" त्याच बैठकीत त्यांनी पुतणीचे ईमेलने आलेले पत्र स्वतः ऐकले आणि उत्तर स्वतः टाइप केले. नाना खाली मान घालून चहा पीत होते.

पुढच्या आवृत्तीत त्यांनी आद्याक्षरे काढली. एका ओळीत ती राहिली. चुकून राहिली की ठेवली, याची खात्री मला करता आलेली नाही.

नाना गेल्यावर मराठीत आणखी काही जण आले. ही अक्षरे कसली, काढू का, असे त्या बाईंनी मला विचारले. मी अक्कांना फोन करून तसेच विचारले. त्यांनी फोन ठेवून दिला. मी त्या बाईंना ती अक्षरे कोणाची आहेत, एवढे कळवले.

नवी आवृत्ती या महिन्यात आली. अक्कांनी ती बसवून घेतली आणि मला फोन लावला. त्यांनी फोन संगणकाजवळ धरला आणि प्रोग्रॅम बंद केला.

"वाचन थांबत आहे. भा. सो."