मागच्या शेगडीवरची पट्टी

माझ्या सासूबाईंना लाँड्रीत सगळे ठिणगी म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं. तापट बाई. दूध उतू गेलं की आधी दुधावर चिडायच्या, मग शेगडीवर, आणि शेवटी दुधाकडे लक्ष ठेव म्हणून ज्याला बसवलं त्या माझ्या नवऱ्यावर. पण तो राग भडकायचा तसाच विझायचा. न विझलेला त्यांचा एकच राग मी पाहिला.

लाँड्री म्हणजे गल्लीतलं इस्त्रीचं दुकान नव्हे, कारखानाच. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी गाड्या भरभरून यायच्या, धुऊन निघायच्या आणि ओलसर असतानाच रोलरवर चढायच्या. रोलर म्हणजे वाफेने तापलेला, सतत फिरणारा लांबलचक लोखंडी पिंप. दोघीजणींनी चादरीचे दोन कोपरे धरायचे आणि कड रोलरच्या तोंडाला लावायची. चादर आत ओढली जाते, पलीकडून कडक होऊन बाहेर पडते. चुकून बोटं पुढे गेलीच तर तोंडाशी एक आडवी पट्टी असते. तिला हात लागला की यंत्र जागच्या जागी थांबतं.

एका टोकाला सासूबाई, दुसऱ्या टोकाला त्यांची जोडीदारीण. लहानखुरी आणि दिवसभर चिवचिवणारी, म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणत. दोघींची जोडी इतकी जुनी की एकीने कोपरा उचलला की दुसरीचा हात आपोआप वर जायचा. भांडायच्याही तशाच, तालात.

मग ती पट्टी बिघडली. कुणाचा हात लागला नसतानाही यंत्र थांबायला लागलं. चादरींचा ढीग साठला. दुरुस्तीवाला आला, त्याने पट्टी उचलून तारेने वर बांधून टाकली आणि म्हणाला, "तात्पुरतं आहे." सासूबाई हात पुसत थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या.

मॅनेजर नवा होता. कधी आवाज चढवायचा नाही, सगळ्यांना मावशी-काका म्हणायचा. फक्त त्याचं प्रत्येक वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि इंग्रजीत जाऊन दडायचं.

"मला माहितीये, मावशी," तो म्हणाला. "ते सध्या बॅक बर्नरवर आहे. तुम्ही काळजी करू नका."

बर्नर सासूबाईंना कळला. घरच्या गॅसचा बर्नर त्या स्वतः टाचणीने साफ करायच्या. बॅक म्हणजे मागचा, तेही कळलं. आणि मागच्या शेगडीवर आपण काय ठेवतो? जे आधी चढवलंय, जे मंद आचेवर नीट शिजायला हवं, ते. म्हणजे काम चढलंय, वेळ लागेल एवढंच. त्या खुशीत बाहेर आल्या आणि बायकांना म्हणाल्या, "चढवलंय शेगडीवर. शिजेपर्यंत दम धरा." घरी येऊन मलाही तेच म्हणाल्या. मला वाटलं, ही त्यांचीच बोलायची ढब.

चिमणीला मात्र पटत नव्हतं. "पट्टी बसेपर्यंत आपण रोलरला हातच लावायचा नाही," ती म्हणत होती. "सगळ्यांनी मिळून सांगू या."

"अगं, साहेबांनी शब्द दिलाय," सासूबाईंनी तिला गप्प केलं. "मी स्वतः विचारून आलेय. उगाच कशाला पाय आपटायचे?"

चिमणीने त्यांचं ऐकलं. तिने नेहमीच ऐकलं होतं.

ते झालं एका साध्या सकाळी. चादरीची कड दुमडली म्हणून चिमणीने ती सरळ करायला बोटं पुढे नेली. पट्टी वर बांधलेली. चादर आत गेली आणि तिच्याबरोबर हातही. थांबवायचं बटण यंत्राच्या पार दुसऱ्या टोकाला भिंतीवर होतं. सासूबाई धावल्या. त्या धावण्याबद्दल त्या कधीच बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "चिमणी ओरडलीच नाही गं. नुसती माझ्याकडे बघत होती."

दोन बोटं गेली. तळहात भाजून आखडला तो आखडलाच.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने सगळ्यांना एकत्र बोलावलं. चेहरा खरंच पडला होता त्याचा, सासूबाईसुद्धा ते कबूल करतात. तो म्हणाला, "फार वाईट झालं. हे जरा स्लिप्ड थ्रू द क्रॅक्स, असं म्हणावं लागेल."

मागे उभ्या असलेल्या बायकांनी विचारलं, काय म्हणाले? कारकुनाने हळूच सांगितलं, "फटीतून निसटलं म्हणतात."

"निसटलं नाही, साहेब," सासूबाई म्हणाल्या. "फटीत गेलं. तिचा हात गेला."

त्या संध्याकाळी त्या घरी आल्या आणि चपलाही न काढता माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी घरीच पोरांचे इंग्रजीचे क्लास घेते, त्यांचे पेपर तपासत बसले होते.

"बॅक बर्नरवर ठेवणं म्हणजे काय गं?"

"म्हणजे बाजूला ठेवणं, आई. सध्या ते महत्त्वाचं नाही, नंतर कधीतरी बघू, असं."

"शिजत ठेवणं नाही?"

"नाही."

त्या खाली बसल्या. मला वाटलं रडतील. पण त्यांचा चेहरा लाल होत गेला आणि मग त्या इतक्या जोरात ओरडल्या की शेजारीण दार उघडून बघायला आली. "म्हणजे भिजत घोंगडं! अरे, मग भिजत घोंगडं म्हण ना मेल्या! मी काय समजले नसते? मी त्याच दिवशी यंत्र बंद पाडलं असतं!"

मग त्या एकेक आठवून विचारायला लागल्या. तो काय काय म्हणाला होता ते सगळं, त्यांच्या उच्चारात, पण शब्द न् शब्द. "पूल आला की पूल ओलांडू" हे त्यांनी मागच्या फाटकापाशी साचणाऱ्या पाण्याबद्दल ऐकलं होतं. तिथे खरंच छोटा पूल होणार म्हणून सगळ्या बायका वाट बघत होत्या. मी अर्थ सांगितला, अडचण येईल तेव्हा बघू. एरवी आम्ही दोघी पोट धरून हसलो असतो. "माझे हात बांधलेले आहेत" याचा अर्थ सांगायची गरज पडली नाही, तो मराठीतही तसाच आहे. ते मात्र त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. "त्याचे हात बांधलेले. बघ. त्याचे."

मग त्यांची नजर माझ्या पेपरांवर गेली. "आणि हे तू पोरांना शिकवतेस? याला मार्क मिळतात?"

मिळतात. एका वाक्प्रचाराला एक मार्क.

सकाळी रोलर सुरूच झाला नाही. सासूबाई यंत्र सुरू करायच्या बटणासमोर भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, बाकीच्या बायका त्यांच्या दोन्ही बाजूंना. ओल्या चादरींचे ढीग वाढत चालले. मॅनेजर आला.

"मावशी, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण ॲट द एंड ऑफ द डे..."

"मराठीत."

"म्हणजे, आपण सगळे एकाच बोटीत..."

"बोट नको. शेगडी नको, पूल नको. पट्टी का नाही बसवली, ते मराठीत सांगा. माझ्या नातवाला कळेल असं सांगा."

त्याने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा इंग्रजीच आलं आणि दोन्ही वेळा त्या "मराठीत" म्हणाल्या. कुणी हसलं नाही. शेवटी तो खाली बघून म्हणाला, "यंत्र अर्धा दिवस बंद ठेवावं लागलं असतं. हॉटेलांच्या चादरी वेळेवर गेल्या नसत्या. म्हणून मी थांबलो."

"चादरींसाठी."

"हो."

"आता बसवा."

पट्टी बसली. अर्धा दिवसही लागला नाही. दुरुस्तीवाला दुपारचा चहा प्यायच्या आत मोकळा झाला, आणि ते बघून सासूबाईंचा राग शमण्याऐवजी आणखीच पेटला.

मॅनेजरची पुढे बदली झाली, म्हणे वरच्या जागेवर. सासूबाईंना रोलरवरून काढून दवाखान्याच्या मळक्या चादरी निवडायला बसवलं. कारण विचारलं तर सांगितलं, वय झालंय, बसून काम बरं. त्यांनी ते ऐकून घेतलं. लोकांना वाटलं, ठिणगी विझली. मला माहीत होतं, नाही विझली. त्यांना आता दुसऱ्या कुणावर चिडायचंच नव्हतं.

चिमणी पुन्हा कामावर आली नाही. सासूबाई पहिल्यांदा तिच्या घरी गेल्या तेव्हा मी बरोबर होते. तिने दार उघडलं, पण आत बोलावलं नाही.

"तू म्हणाली होतीस, शिजतंय," ती एवढंच बोलली.

"मला तसंच वाटलं होतं गं."

"मला नव्हतं वाटलं." आणि दार लागलं.

सासूबाई पुढच्या आठवड्यात पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्याही. कितव्या वेळी आत घेतलं ते मला सांगितलं नाही. आता त्या सकाळी लवकर निघतात, तिची वेणी घालून देतात, पिठाचे जड डबे उतरवून ठेवतात, आणि दोघी पुन्हा भांडायला लागल्या आहेत, असं तिची मुलगी म्हणते. घरी परतल्यावर मात्र त्या तडक स्वयंपाकघरात येऊन बसतात. मी चहा ठेवते. त्या पितात, आणि कप इतक्या जोरात खाली ठेवतात की त्याचा कान आतापर्यंत दोनदा तुटलाय.