दचकी आणि दारामागचे ठोके

दचकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. कारखान्यात कुणीतरी ठेवलं, ते चिकटलं, आणि पुढे घरी नवराही तेच म्हणायला लागला. मागे कुणी शिंकलं तरी हिच्या हातातलं पाकीट उडायचं. मॅनेजरने लांबून नुसतं "ओ बाई" म्हटलं, की ही ताडकन उभी. आणि अशी ही बाई दिवसभर कानाला लावून काय ऐकायची? तर खुनाच्या कादंबऱ्या!

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. जिला घरी-दारी जो तो डोळे वटारून दाखवतो, तिला एक तरी भीती अशी हवी असते, की जी आपल्या बोटाने सुरू होईल आणि आपल्याच बोटाने बंद होईल. दचकीला ती मोबाइलमध्ये सापडली. कुणी गळा दाबतोय, कुणी जिन्यावरून दबकत येतोय, हिच्या अंगावर सरसरून काटा येतोय आणि हात मात्र मटार भरतायत. त्या काट्याची तिला चटकच लागली होती.

कारखाना मटार आणि मक्याचे दाणे गोठवून विकणारा. लांब स्टीलच्या टेबलाला बायका बसायच्या. दाणे तोलायचे, पाकीट भरायचं, तोंड चिकटवायचं, लेबल लावून क्रेटमध्ये टाकायचं. भरलेले क्रेट थंडखोलीत जायचे. कानात गोष्ट चालली की बायकांच्या गप्पा बंद पडतात, म्हणून मॅनेजरनेही एका कानाची सूट दिली होती. तेवढा तो हुशार.

हा नाद लावला तिच्या धाकट्या जावेने. दोघी एकाच घरात, एकाच टेबलाला, आणि पुस्तकं ऐकायचं खातंही दोघींत एकच. धाकटी भारी वात्रट. दचकीच्या पुढे धावून ऐकायची आणि मग तिला छळायची.

"ताई, खुनी माळी नाहीये हं."

"गप गं! सांगू नकोस."

"माळ्याने नुसतं प्रेत पुरलं."

"तुझं तोंडच चिकटवते बघ या मशीनमध्ये!"

"चिकटव की. मग रात्री स्वैपाकघरातला उंदीर कोण हाकलणार? तू?"

सगळं टेबल हसायचं. दचकी रागाने लाल व्हायची, पण खरं सांगायचं तर धाकटी शेजारी नसली तर तिला पुढचं प्रकरण लावायचा धीर होत नसे.

आता थंडखोलीचं सांगायला हवं. बाहेर ओळीने खुंट्या, त्यांवर जाडजूड कोट. आत जाणारीने कोट घालूनच जायचं. खुंटी रिकामी म्हणजे आत माणूस आहे; दाराला हात लावायचा नाही. कोट सगळे जागेवर म्हणजे खोली मोकळी. दार ओढा, खटका पाडा. हा नियम मॅनेजरने केलेला नव्हता, बायकांनीच केलेला, आणि कुणी कधी मोडला नव्हता. मोडला नव्हता असं त्या म्हणायच्या. कारण दारापाशीच काही पडलेलं उचलायचं असलं, तर त्याला त्या 'एका श्वासाचं काम' म्हणत. दार उघडं ठेवून श्वास कोंडायचा, पळत आत, पळत बाहेर. तेवढ्यासाठी तो ओझ्यासारखा कोट कोण चढवतंय?

त्या दुपारी जेवणानंतर दचकी नव्या कादंबरीत मानेपर्यंत बुडाली होती. ओसाड बंगला, गायब झालेली मोठी बहीण आणि एक तळघर. वाचणारा माणूस घोगऱ्या आवाजाचा. भीतीची जागा आली की तो आवाज इतका खाली आणायचा की दचकी नकळत पुढे वाकायची. मागे पावलं वाजायची, दारं करकरायची, सगळा जामानिमा.

"आता ऐक," धाकटी उठता उठता कानाशी लागली. "आता तळघरातून ठोके येतील. तू किंचाळणार, लाव पैज."

"जा गं तिकडे!"

धाकटी हसत कुठेतरी गेली. दचकीने मान वर करून पाहिलंही नाही. घोगरा आवाज सांगत होता, बाई जिना उतरतेय, आणि तिच्या मागचं दार उघडंच राहिलंय. नेमकी तेव्हाच दचकीच्या पाठीला गार झुळूक लागली. तिने वळून पाहिलं. थंडखोलीचं दार सताड उघडं, आत काळोख, जमिनीवरून पांढरी वाफ सरपटत येतेय. असं दार पाठीशी ठेवून ही गोष्ट ऐकायची? ती उठली. सवयीने खुंट्यांकडे नजर टाकली. कोट सगळे जागेवर. तिने दार ओढलं, खटका पाडला आणि जिवात जीव येऊन जागेवर बसली.

थोड्या वेळाने ठोके आले.

धप. धप. धप. लांबून, जमिनीखालून आल्यासारखे. दचकीच्या मानेवरचे केस उभे राहिले. काय हुबेहूब केलंय, ती मनात म्हणाली. ठोके वाढले, घाईचे झाले. ती ओठ चावत पाकिटं भरत राहिली. किंचाळायचं नाही, पैज हरायची नाही.

प्रकरण संपलं. घोगरा माणूस गप्प झाला.

धप. धप.

तिने कानातली इयरफोनची गोळी काढली. धप. आता तिला धाकटीचा राग आला. ही क्रेटमागे बसून टेबल बडवतेय, दुसरं काय! "पुरे गं तुझं!" ती ओरडली. "ये बाहेर!"

समोरच्या वजनकाट्यावरची म्हातारी चष्म्यावरून बघायला लागली. "कुणाला ओरडतेस?"

"आमच्या धाकटीला. ठोकतेय बघा कुठेतरी."

"ती लेबलाचा रोल आणायला गेली मघाशी, भरलेल्या क्रेटवर राहिला होता तो. आली नाही अजून."

"कुठे गेली?"

म्हातारीने हात नुसता थंडखोलीच्या दाराकडे केला, आणि मग तिचा हात तसाच हवेत राहिला.

दोघींनी खुंट्यांकडे पाहिलं. कोट सगळे होते. पॅकिंगची मुकादमीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कोट आहेत ना? मग आत कोण असणार, भूत? कामं करा!" आणि दचकी, देवाशपथ, क्षणभर थांबली. मुकादमीण म्हणते म्हणून थांबली. कोट खोटं कसं बोलतील म्हणून थांबली. आणि त्या दारामागे काय असेल याच्या भीतीने तिचे पाय जमिनीला खिळले म्हणूनही थांबली. ही भीती बोटाने बंद होणारी नव्हती.

मग ठोके थांबले.

त्या शांततेने तिला ढकललं. स्टूल पाडून ती धावली, खटका वर केला, लटकून दार ओढलं. वाफ अंगावर आली. उंबऱ्याशीच धाकटी गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. पापण्यांवर पांढरं धरलेलं, ओठ निळे. हातात मक्याचं फुटलेलं पाकीट. तेच दगडासारखं दारावर आपटत होती ती. दाणे सगळीकडे विखुरले होते. आतून दार उघडायचं बटण बर्फात गाडलं गेलं होतं. ते अडकतं हे बायकांनी मॅनेजरला किती वेळा सांगितलं होतं! दरवेळी तो म्हणायचा, बघू.

दचकीने तिला काखेत हात घालून बाहेर ओढलं. म्हातारीने खुंट्यांवरचे सगळे कोट ओढून काढले आणि तिच्यावर टाकले. "चोळू नका! नुसतं कवटाळून बसा!" दचकीने तिला छातीशी घट्ट धरलं. अंग कसलं, क्रेटच. ती थरथरतसुद्धा नव्हती आणि त्याचीच दचकीला सगळ्यात जास्त भीती वाटली. मग बऱ्याच वेळाने दात कडकडले. दचकीला तो आवाज इतका गोड वाटला की ती रडायला लागली.

धाकटीचे डोळे उघडले. जीभ जड झाली होती.

"ताई... तुला ऐकू येत नव्हतं?"

नाही म्हणता आलं असतं. दार जाड, मशीनचा आवाज, कुणी संशयही घेतला नसता.

"येत होतं," दचकी म्हणाली. "मला वाटलं, गोष्टीतलं आहे."

धाकटीने डोळे मिटून घेतले. तिला माल पोचवणाऱ्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाचली. बोटांना पट्ट्या बांधून पडली होती. संध्याकाळी दिराने खोलीत पाऊल टाकलं तेव्हा दचकी खुर्चीत अंग चोरून बसली. पण त्याच्या आधी धाकटीच बोलली, "ताईवर डाफरू नकोस. कोट न घालता मी गेले. दार तिने लावलं, आणि उघडलंही तिनेच." मग दचकीकडे वळून, "माझ्या कानात लाव ना काहीतरी. कंटाळा आलाय."

"खुनाचं?"

"मग काय, भजनं?"

दचकीने गोळी तिच्या कानात बसवली. स्वतःच्या कानात नाही लावली. हातच जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडखोलीचं उघडलेलं दार कुणी लावेना. मॅनेजर म्हणाला, "दुर्लक्ष तुमचंच. आता दार लावा, माल नासेल." बायका खाली मान घालून उभ्या. दचकी दारात जाऊन बसली. मॅनेजरकडे न बघताच बोलली.

"आधी बटण दुरुस्त करा. नाहीतर तुम्ही आत जा साहेब, मी दार लावते. उघडून दाखवा आतून."

मॅनेजर हसला. एकही बाई हसली नाही. म्हातारी येऊन तिच्या शेजारी बसली, मग बाकीच्या. दुपारपर्यंत मिस्त्री आला.

मिस्त्रीने बर्फ फोडला, बटण बदललं, उघड्या दारात उभ्यानेच ते दोनदा दाबल्यासारखं केलं आणि हात पुसत म्हणाला, "झालं."

"आतून कुणी बघितलं?" दचकीने विचारलं.

तो सामान गोळा करायला लागला. मुकादमीण दुसरीकडे बघायला लागली.

दचकीने कोट घातला. म्हातारी म्हणाली, "अगं तू? तू तर..." दचकीने ऐकलं नाही, ऐकलं असतं तर आत गेली नसती. "लावा दार," ती म्हणाली.

खटका पडला. काळोख असा की डोळे उघडे की मिटलेले कळेना. तिने भिंत चाचपली, बटण सापडलं, तळवा टेकवून सगळा भार टाकला. दार हललं. उजेडाची फट आली, आणि फटीत बायकांचे चेहरे.

"उघडलं!" म्हातारी ओरडली. "ये बाहेर, ये!"

दचकीचे दात वाजत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

"परत लावा," ती म्हणाली. "सोमवारी आमची धाकटी येणार आहे कामावर."