नसीमभाभींचं विरजण

सन दोन हजार चोवीस, वैशाख. आता ही फजिती कुठल्या तोंडाने सांगू? सांगतो. हसायचं ते नंतर हसा.

आमची ही बहिणीकडे बिबवेवाडीला गेलेली. नेमक्या त्याच दिवशी शेजारच्या नसीमभाभी गावाला निघाल्या. हातात दह्याची वाटी.

"आप्पा, सासूबाई गेल्या, पण दही अजून त्यांच्याच विरजणाचं लागतंय. परवा येते, तोवर जपा. वहिनी नाहीत, जमेल ना?"

"भाभी, मी कारखान्यात भट्टी सांभाळली आहे. दही काय चीज आहे!"

दुपारी आडवा झालो. नात मुक्ता मोठ्याने अभ्यास करत होती.

"मुक्ते, हे विकर म्हणजे कोण?"

"पेशीतले कामगार समजा, आप्पा. दह्याच्या जंतूंतही असतात. माल पुरेसा झाला, की तोच माल जाऊन पहिल्या कामगाराचा हात धरतो. काम थांबतं. आणि ऊब वाढली, की हात भराभर चालतात..."

पंखा फिरत होता. डोळा लागला.

वाटीएवढं गाव. सगळीकडे पांढरं धुकं. धुक्यात पांढरी माणसं कुडकुडत बसलेली. मधोमध एक म्हातारी. भाभींच्या सासूबाईच त्या! मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. म्हणाल्या, "भट्टीवाल्या, जरा ऊब दे रे."

उठलो. दूध उतू जाईपर्यंत तापवलं आणि सगळी वाटी त्यात ओतली. चमचाभर मागे ठेवावं, हे कुणालाही सुचलं असतं. मला नाही सुचलं.

संध्याकाळी पाहतो, तर दूधच! कामगार आळशी, दुसरं काय? पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं. फाटलं.

"आप्पा, हे काय केलंत?"

"तूच म्हणालीस, ऊब वाढली की हात चालतात."

"आणि पुढचं? फार तापलं की कायमचे बंद पडतात?"

"ते तू म्हणाली नाहीस."

"म्हणाले. तुम्ही घोरत होतात."

सासूबाईंना मी उकळून मारलं होतं.

"मावशीआजीकडे दही कुठलं असतं?" मुक्तानेच विचारलं. भाभींचंच! आमच्या हिनेच तिकडे नेलेलं.

सकाळी स्वारगेटला बस बदलून बिबवेवाडी गाठली. दार हिनेच उघडलं.

"अहो, उन्हाचे इकडे कुठे?"

"सहज."

"रिकामा डबा घेऊन?"

सांगावं लागलं. कामगार, माल, म्हातारी, सगळं. ही हसलीसुद्धा नाही.

"पेशीला कळतं हो, पुरे कधी म्हणायचं ते. तुमच्या शहाणपणाचा हात कोण धरणार?"

परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर होता. खिडकीतून गरम वारा येत होता. डब्यातलं गाव गाढ झोपलेलं. मी मात्र डोळा मिटला नाही. पुन्हा म्हातारीने काही मागितलं तर?

घरी मुक्ताने दुधात बोट बुडवून "आता" म्हटलं, तेव्हाच विरजण लावलं.

दुसऱ्या दिवशी भाभी आल्या. चमचाभर चाखलं. डोळे मिटले.

"तेच! अगदी सासूबाईंचं! आप्पा, भट्टीवाल्याचा हात तो भट्टीवाल्याचाच."

मुक्ताला ठसका लागला.

मी वाटी भाभींच्या हातात दिली.