रंगाला पडलेले डोळे

अमीरबीच्या हातात कुणी काहीही दिलं की ती आधी ते उलटं करून बघायची. मग तो गाडीचा डॅशबोर्ड असो, नाहीतर भाचीच्या लग्नात आलेलं स्टीलचं ताट. वरचा चकचकाट बघायला जगात माणसं काय कमी आहेत? खरं काय ते मागच्या बाजूला असतं, असं तिचं मत होतं आणि ते ती समोरच्याच्या तोंडावर सांगायची. त्यामुळं शिरूरात तिला काम भरपूर मिळायचं, पण चहाला कुणी बोलवायचं नाही.

धंदाच तिचा तसा होता. नगर रस्त्याला गाड्या ठोकायच्या आणि भंगारात जायच्या. त्यांच्या आतलं प्लास्टिक, म्हणजे डॅशबोर्ड, दाराचे पॅनेल, कप्प्यांची झाकणं, असलं सगळं दौंडच्या सोपानरावांच्या भंगारातून किलोवर उचलायचं, तडे सांधायचे, रंग द्यायचा आणि दुसऱ्या कुणाच्या जुन्या गाडीत बसवायचं. नव्या डॅशबोर्डाच्या किमतीत इथं चार गाड्या आतून नव्या व्हायच्या. लोकांना आणखी काय पाहिजे?

ही विद्या ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती. नवरा इमाम दम्यानं गेला तेव्हापासून वीस वर्षं ती गावोगाव प्लास्टिकच्या फुटक्या बादल्या आणि घागरी सांधत हिंडली. डोक्यावर स्टोव्ह, काखेत सळया. ऊन म्हणू नका, कुत्री म्हणू नका. पुढं बादल्या स्वस्त झाल्या, लोक फुटली की फेकायला लागले, आणि अमीरबीनं नगर रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड टाकलं. बादलीची बाई गाडीत हात घालणार म्हणून गॅरेजवाले खदाखदा हसले. सहा महिन्यांत तेच गॅरेजवाले दारात उभे राहिले.

कारण तिचं नाक. कुठलाही तुकडा आला की ती त्याच्या मागच्या बाजूचा नखाएवढा कपचा काढायची, स्टोव्हवर धरायची आणि वास घ्यायची. मेणबत्तीसारखा वास आला तर ते बादलीच्या जातीचं. काळा धूर आणि नाकाला झोंबणारा उग्र वास आला तर दुसरं. ज्या त्या तड्यात त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी वितळवायची, मागून बारीक जाळी दाबायची. तिचा सांधा सुटला असं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

पण सांधा कितीही पक्का असला तरी दिसायचा. तो झाकायचा ज्योतिबा. हा निमोण्याचा गडी, आधी ट्रकच्या मागं मोर आणि नावं काढायचा. बोलायला एकदम कमी. रंगाची गन त्याच्या हातात आली की सांधा कुठं होता ते खुद्द अमीरबीलाही बोटानं चाचपावं लागायचं. शेवटचा हात तो लांबून, हवा कमी करून मारायचा. रंग अर्धवट वाळत बारीक दाण्यांनी पडायचा आणि जुन्या डॅशबोर्डाची खरखर होती तशी उमटायची. ती त्याला ज्योतिबा म्हणायची, तो तिला भाभी. सहा वर्षं दोघांचं असं चाललेलं. ज्योतिबा गेला तर आपल्याला पुन्हा स्टोव्ह डोक्यावर घ्यावा लागणार, हे अमीरबीला पक्कं ठाऊक होतं. आणि ज्याच्यावाचून आपलं अडतं त्याच्यावरच जास्त नजर ठेवायची, हा तिचा स्वभाव. काय करणार?

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात न्हावऱ्याकडचे आनंदराव आपली पांढरी व्हॅन घेऊन आले. डॅशबोर्डाला उन्हानं हातभर तडा गेलेला.

"तेजश्रीचं लगीन हाय वीस दिसांवर," ते म्हणाले. "पाव्हणे स्टेशनवरनं ह्याच गाडीतनं आणायचेत. गाडी आतनं अशी करा, की व्याही म्हणला पायजे, नवी घेतली का काय!"

अमीरबी दौंडला जाऊन त्याच बनावटीचा डॅशबोर्ड घेऊन आली. एका कोपऱ्यात फुटलेला, बाकी धड. वरच्या बाजूला मधोमध एक गोल डाग होता, शेंदराचा. आधीच्या मालकानं तिथं मारुती बसवलेला असणार. मूर्ती कुणीतरी काढून घेतली होती, जागा तेवढी राहिलेली.

आता तो शेंदूर खरवडून जमिनीवर पाडायचा आणि दिवसभर तुडवायचा? छे! दुसऱ्याच्या देवाची जागा ती. अमीरबीनं शेडमधलं सगळ्यात स्वच्छ, रंगाआधी तुकडे पुसायचं लाल चौकड्यांचं मऊ फडकं घेतलं, पेट्रोलमध्ये भिजवलं आणि डाग हळूहळू पुसून काढला. फडकं पाण्यात खळबळलं, ते पाणी बाहेर लिंबाच्या बुंध्याशी ओतलं आणि फडकं खाली कुठं न टाकता पुन्हा उंच खिळ्याला अडकवलं. ज्योतिबानं हे बघितलंही नाही. तो तेव्हा चहाला गेला होता.

तीन दिवसांनी सांधा झाला, घासून झाला. ज्योतिबानं प्रायमरचा पहिला हात मारला आणि बघता बघता रंग जागोजागी फाकला. मसुराएवढे गोल खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्यात खालचं काळं प्लास्टिक दिसतंय. पेंटर लोक म्हणतात, रंगाला डोळे पडले.

"आरं, ह्ये काय?" अमीरबी ओरडली.

"कायतरी राहिलं आसंल वर," ज्योतिबा म्हणाला. त्यानं सगळं घासून काढलं, पुन्हा धुतलं, पुसलं, मारलं. पुन्हा डोळे. दाराच्या पॅनेलला मारलं, तिथंही डोळे. अहो, सहा वर्षांत जे एकदा झालं नाही ते आठवड्यात चार वेळा!

अमीरबीच्या डोक्यात किडा वळवळला. मागच्याच महिन्यात सणसवाडीचा एक दुकानदार स्कूटरवरून आला होता. काळा चष्मा, गळ्यात जाड साखळी. कंपन्यांच्या पट्ट्यात त्याचं सीट कव्हरचं मोठं दुकान. अमीरबीशी दोन शब्द बोलला नाही, पण समोरच्या टपरीवर ज्योतिबाला घेऊन अर्धा तास बसला. "काय म्हणत व्हता?" तिनं विचारलं, तर ज्योतिबा म्हणाला, "काय न्हाई, असंच." असंच? अर्धा तास असंच? कुठंतरी पाणी मुरतंय, तिनं तेव्हाच ताडलं होतं.

आता ती मागंच लागली. ज्योतिबा दुपारी जेवायला बसला की त्याच्या थिनरचा वास घ्यायची. संध्याकाळी प्रायमरच्या डब्यावर खडूनं रेघ मारून ठेवायची, सकाळी रेघ बघायची. एकदा त्यानं ती रेघ बघितली. डबा हातात धरून तो थोडा वेळ उभा राहिला, मग काही न बोलता झाकण उघडून कामाला लागला. गप्प बसला म्हणजे गुन्हेगारच असणार, असं अमीरबीनं लगेच धरलं. चोराला ओरडायचं कारण नसतं ना! पण ओरडला असता तरी तिनं तेच धरलं असतं, हेही खरं.

लग्न आठ दिवसांवर आलं. आनंदराव शेडमध्ये येऊन बसले, पंच्यानं घाम पुसत. त्याच वेळी ज्योतिबाची पिशवी बाकावरून खाली पडली आणि तिच्यातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी घरंगळलं. अमीरबीनं ते उचललं, कागद फाडला. कप्प्याचं झाकण होतं. राखाडी रंग, बारीक दाणा, एक डोळा म्हणाल तर शपथेला नाही. उलटं करून बघितलं. मागं सांधा तिचाच, मागच्या पावसाळ्यातला. ते झाकण तिनं ज्योतिबाला सहज देऊन टाकलेलं.

"ह्ये कवा रंगवलं?"

"शुक्करवारी. तुमी दौंडला पुन्यांदा गेलावता तवा."

"कुणासाठी?"

ज्योतिबानं मान खाली घातली. "सणसवाडीला दाखवायचं व्हतं. नमुना."

झालं! अमीरबीच्या अंगाची लाही लाही झाली. त्याच शेडमध्ये, त्याच गननं मारलेला रंग तिथं आरशासारखा बसतो आणि तिच्या मालाला तेवढे डोळे पडतात?

"काय टाकतोस रं माझ्या रंगात?" ती आनंदरावांच्या देखत, टपरीवाल्यांच्या देखत कडाडली. "माझा धंदा बुडवून त्या चष्मेवाल्याकडं जायाचंय व्हय? सरळ सांगायचं व्हतंस! सहा वर्सं माझ्या शेडात जेवलास आन् माझ्याच मालात इख कालवतोस?"

टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. ज्योतिबानं गन पुसली, भांडं धुतलं, नळी गुंडाळून ठेवली. ते झाकणही बाकावर ठेवलं.

"भाभी," तो म्हणाला, "मी काय टाकलं न्हाई." एवढंच. आणि पिशवी घेऊन एसटी स्टँडकडं चालायला लागला.

आनंदराव म्हणाले, "बाई, माझ्या गाडीचं काय?"

"करते मी," अमीरबी म्हणाली. "चोर गेला, आता बघा कसा बसतोय रंग."

तिनं नवा प्रायमर आणला, नवा थिनर आणला. डब्यांची झाकणं स्वतःच्या हातानं फोडली. डॅशबोर्ड घासला, धुतला, खिळ्यावरच्या फडक्यानं नेमानं शेवटचा हात फिरवला. ज्योतिबाला बघून बघून गन धरायला ती शिकली होती, दाणा पाडता येत नसला तरी प्रायमर कुणीही मारील. मारला.

आणि तिच्या डोळ्यांदेखत रंग फाकला.

डबा नवा. थिनर नवा. गन जुनी, पण झाकण त्याच गननं चांगलं निघालेलं. हात तिचा. शेडमध्ये दुसरं माणूस नाही. मग संशय घ्यायचा तरी कुणाचा? तिनं शेडभर नजर फिरवली. जुनं असं एकच राहिलं होतं. ते तिच्या हातातच होतं.

तिनं फडकं नाकाशी नेलं. पेट्रोल आणि थिनरचाच वास. पण तुकड्याचा वास असा कळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं फडक्याची चिंधी फाडली आणि स्टोव्हवर धरली. चिंधी तडतडली, पिवळ्या ज्योतीनं शांतपणे जळत राहिली आणि शेडमध्ये देवळातला वास पसरला. तिळाचं तेल. शनिवारमागून शनिवार त्या मारुतीला घातलेलं तेल, वर्षानुवर्षं डागात मुरलेलं. तिनंच ते आदरानं पुसून फडक्यात घेतलं होतं आणि मग त्याच फडक्यानं प्रत्येक तुकड्याला वाटलं होतं.

ते झाकण तेवढं कसं सुटलं, हेही तिला तिथंच कळलं. शेवटचा हात ह्याच फडक्यानं, हा तिचा नियम. पण झाकण होतं ज्योतिबाच्या स्वतःच्या कामाचं. भाभीची वस्तू आपल्या कामाला कशी वापरायची, म्हणून त्यानं ते स्वतःच्या उपरण्यानं पुसलं असणार. तिचं फडकं नाही घेतलं म्हणून झाकण चांगलं निघालं, आणि चांगलं निघालं म्हणून तो चोर ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती निमोण्याला गेली. ज्योतिबा रानात होता. दारात त्याची आई विठाबाई ज्वारी निवडत बसलेली. तिनं अमीरबीला पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही.

"त्या दुकानदाराला काय सांगितलंवतं म्हाईत हाय का माझ्या पोरानं?" विठाबाई सुपातनं नजर न उचलता म्हणाली. "म्हणला, रंग माझा हाय, पर सांधा भाभीचा हाय. झाकण दाखवतो, मागनं बघा. दोघांना काम देणार असाल तर येतो, न्हाई तर न्हाई. तुमाला पक्कं झाल्यावर सांगणार व्हता."

अमीरबीच्या तोंडात मारल्यासारखं झालं. ज्योतिबा बांधावरून येताना दिसला तशी ती सामोरी गेली आणि फडकं पुढं धरलं.

"माझंच फडकं व्हतं रं. तेल व्हतं त्यात. चुकलं माझं. चार माणसांत बोलले, चार माणसांत चुकलं म्हणते. चल माघारी."

ज्योतिबानं फडकं घेतलं, वास घेतला, परत दिलं.

"सोमवारी येतो," तो म्हणाला.

तो आला. टपरीवाल्यांना बोलवून अमीरबीनं सगळ्यांसमोर माफी मागितली, जन्मात पहिल्यांदा. डॅशबोर्ड साबणानं तीनदा धुतला, कोऱ्या फडक्यानं पुसला. रंग असा बसला की आनंदरावांच्या व्याह्यानं खरोखरच विचारलं, नवी घेतली का? सणसवाडीचंही काम दोघांना मिळालं. सगळं जिथल्या तिथं झालं म्हणायचं.

फक्त त्या सोमवारपासून एक नवीन सुरू झालं. गनमध्ये रंग ओतायच्या आधी ज्योतिबा गनचं भांडं अमीरबीसमोर आणून धरायचा. रिकामं, उघडं. मग डबा दाखवायचा. मग आपले दोन्ही हात, आधी सुलटे, मग उलटे.

"बघून घ्या, भाभी."

"नको रं दाखवू. चुकलं म्हणले ना मी?"

"व्हय, म्हणलात की. पर बघून घ्या."

आवाजात राग नसायचा. राग असता तर ती भांडली असती, भांडून मोकळी झाली असती. तिनं रागावून बघितलं, एकदा रडूनही बघितलं. ती पाठ फिरवून बसली तर तो तसाच उभा राहायचा, हात पुढं करून, कितीही वेळ. वर्षं गेली, शेड पक्कं झालं, जुना कंप्रेसर जाऊन नवा आला. त्यात फरक पडला नाही.

शेवटी अमीरबी मान वळवायची, त्या रंगानं माखलेल्या हातांकडं बघायची आणि म्हणायची, "बघितलं."

मग तो कंप्रेसर सुरू करायचा.