बेटाला कुलूप

पुण्यात बसचा पास काढावा, तसा मी मुलीच्या व्हिडिओ गेमचा सीझन पास काढला: एकदा पैसे भरा, हवं तिथे फिरा. आम्ही नोएडात आल्यापासून तिच्या पुण्याच्या मैत्रिणी तिला त्या गेममध्येच भेटायच्या. आता त्या सगळ्या गेममधल्या नव्या बेटावर गेल्या होत्या आणि ही जुन्या गावात एकटीच भटकत होती. एवढा महागडा पास डाउनलोड केला, तरी बेटाला कुलूपच. पास मागच्या सीझनचा निघाला. बेटाचे पैसे वेगळे.

"पुढच्या पगाराला बेट घेऊ," मी ऐटीत म्हणालो, जणू ग्रेटर नोएडात फ्लॅटच बघतोय.

"तोवर त्या तिथूनही गेलेल्या असतील," तिनं कंट्रोलर खाली ठेवला. "राहू दे, बाबा. तुझ्यासारख्यांवरच तर चालते यार गेमवाल्यांची कंपनी."