धारूरच्या डोंगरातला बिनतळाचा डोह

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी धारूरच्या डोंगरात आठ दिवस राहुटीत काढले. निजामाचा अंमल होता आणि माझे यजमान मोजणी खात्यात होते. पाऊस सरला की त्यांचा मुक्काम रानात पडे. जवळ धबधबा आहे असं कळल्यावर मी हट्टानं बरोबर गेले. माझं माहेर गोदाकाठचं. चालायला लागले त्याच सुमाराला पोहायलाही शिकले असेन. यजमान मात्र विहिरीत वाकून बघायलाही कचरत.

धबधबा काळ्या कड्यावरून डोहात पडत होता. दूध घालायला येणाऱ्या धनगरणीनं पहिल्याच सकाळी मला बजावलं, "बाई, काठावरच न्हावा. ह्या डोहाला तळ न्हाई. माझ्या सासऱ्यानं सात बाजांचं सुंभ जोडून सोडलं होतं. टेकलं न्हाई."

"तळ नाही असं कसं असेल, मावशी?"

"आता न्हाई तर न्हाई," ती म्हणाली आणि दूध मापू लागली.

मला काही चैन पडेना. यजमानांच्या मागे लागले. जन्म मोजण्यात गेलेला माणूस, त्यांनाही राहवलं नाही. पाणी शेंदायच्या दोराला दगड बांधून त्यांनी खडकावर पालथं पडून तो सोडला. पाच पुरुष, म्हणजे पाच माणसांच्या उंचीएवढा दोर सगळा गेला, तरी हाताला ओढ लागतच होती. ते उठून बसले. "ती धनगरीण खोटं बोलत नाही," म्हणाले.

"मी बघून येते."

 त्यांनी गड्यांना सरपणाला दूर पाठवलं आणि दोराचं टोक मनगटाला गुंडाळलं. "दोर सोडू नकोस," एवढंच बोलले. दूध घालून तिथंच रेंगाळलेली मावशी वाटेकडे तोंड करून राखणीला उभी राहिली.

मी कासोटा घट्ट मारला आणि दोर धरून खाली गेले. कान दुखू लागले, उजेड काळपट झाला. दोर सरळ जातच नव्हता. कड्याकडे तिरका चालला होता. मग पायाला वाळू लागली, गार आणि खरखरीत. दोर त्या वाळूवरून पुढे कड्याखालच्या कपारीत शिरला होता. मी आत हात घातला, तर पाण्यानं हातही ओढला. मी घाबरून वर आले.

"तळ आहे," मी धापा टाकत सांगितलं. "अडीच पुरुषांवर. पाणी दगडाला कपारीत ओढून नेतंय."

यजमानांनी आधी माझा दंड धरून मला खडकावर घेतलं, मग हसले. मावशी विचारात पडली होती.

"मंजी सासरा खोटा न्हवता. सुंभ आत गेलं असंल."

"तसंच झालं असणार."

"बाई, गावात सांगू नका."

"का?"

"तळ न्हाई म्हणून लेकरं भित्यात. तळ हाय म्हणलं की उड्या टाकतील, अन् ती कपार वढून नेईल."

मी कबूल केलं, पण जिवावर आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः काहीतरी शोधून काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी मावशीकडून दोन वाळके भोपळे मागून आणले आणि ते पाठीला बांधून खालच्या उथळ पाण्यात उतरले. मुक्काम हलेपर्यंत ते कमरेएवढ्या पाण्यापुढे गेले नाहीत. पण रोज उतरले, आणि मी काठावरून पाय कसे मारायचे ते सांगत राहिले.